सतरा सप्टेंबरची साक्ष

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवीच्या वर्गाला मी एकदा उर्दू वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी वाचायला दिली होती. बातमी रक्तदान शिबिराची होती. रझाकारांनी सकाळपासून लोकांच्या रांगा लावल्या, पाणी दिले, असे काहीसे त्यात होते. वाचणारा मुलगा त्या शब्दापाशी अडखळला आणि वर्ग हसला. उर्दूत रझाकार म्हणजे स्वयंसेवक, स्वतःच्या राजीखुशीने काम करणारा. मी अर्थ सांगितला. त्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मॅडम, मराठी में जो रझाकार सुनते, वो हम लोगां क्या?"

सप्टेंबरचा दुसरा आठवडा चालू होता. चार दिवसांवर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आला होता. नांदेडला विसावा उद्यानातल्या हुतात्मा स्मारकाजवळ झेंडावंदन होते, तसे आमच्याही शाळेत होते. मी म्हणाले, "नहीं बेटा, वो अलग लोग थे," आणि पान उलटले.

उत्तर खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते, आणि हे मला ठाऊक होते. कारण माझ्या दादीचा थोरला भाऊ रझाकार होता.

युद्धाबद्दल आपल्या समाजात मतांची कमतरता नाही. २००३ साली अमेरिका इराकवर चालून गेली तेव्हा मी लहान होते, पण हॉटेलातल्या बाकड्यांवर तासन्‌तास चाललेल्या चर्चा मला आठवतात. गाझाबद्दल आज प्रत्येक घरात बोलले जाते, आणि बोलले गेलेच पाहिजे. पण आपल्याच अंगणात झालेल्या पाच दिवसांच्या युद्धाबद्दल विचारा. माणसे इकडे तिकडे पाहू लागतात. दूरच्या युद्धावर मत देताना आपले काही पणाला लागत नाही. जवळच्या युद्धावर बोलायचे तर आधी आपल्या घराचे दार उघडावे लागते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेला त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. लष्कराच्या दप्तरी या मोहिमेचे नाव ऑपरेशन पोलो. सरकारी भाषेत ती पोलीस कारवाई. मराठीत मुक्तिसंग्रामाची सांगता आणि जुन्या उर्दू लेखनात सुकूते-हैदराबाद, म्हणजे हैदराबादचा पाडाव. तेलंगणा सरकारने २०२२ मध्ये याच दिवसाला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, त्याच वर्षी केंद्र सरकारने हैदराबाद मुक्ती दिन म्हटले आणि २०२४ मध्ये तेलंगणाच्या नव्या सरकारने त्याला प्रजापालन दिन केले. एका तारखेला इतकी नावे पडतात तेव्हा समजावे की तिची गोष्ट अजून पूर्ण सांगून झालेली नाही.

आमच्या घरातल्या बायका यातले एकही नाव घेत नसत. त्या नुसते 'अ‍ॅक्शन' म्हणत. अमकी अ‍ॅक्शनच्या आधी जन्मली, तमक्याचे लग्न अ‍ॅक्शननंतर झाले. कालगणना त्या शब्दापासून सुरू व्हायची, पण त्या वर्षी झाले काय, हे कोणी सांगत नसे.

माझे मत आधीच सांगते. हैदराबाद भारतात विलीन झाले हे योग्य झाले. ज्या राज्यात दर आठ माणसांमागे जेमतेम एक मुसलमान होता, तिथे निजामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला आणि प्रजेला जबाबदार राज्यपद्धती नाकारली, याला कुठलाही नैतिक आधार नव्हता. इस्लामचा तर मुळीच नव्हता. राजेशाहीला आपल्या दीनमध्ये काय किंमत आहे, हे कर्बलाच्या वारसांना वेगळे सांगायला नको. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी ज्या हक्कांसाठी तुरुंगात गेले, ते हक्क आज मीही उपभोगते. नांदेड जिल्ह्यातल्या अर्जापूरच्या शिवारात १९४६ साली गोविंदराव पानसरे मारले गेले. बीदरकडच्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये रझाकारांनी हत्याकांड केले. ही माणसे माझ्याही लेखी हुतात्मे आहेत.

त्यावेळी सगळे मुसलमान रझाकारांच्या मागे होते असेही नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना हैदराबादेत त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात सात मुसलमानांनी सही करून जाहीर निवेदन काढले, की रझाकार संघटना बरखास्त करा आणि भारतात सामील व्हा. त्यांतले फरीद मिर्झा हे निजामाच्या महसूल खात्यात अधिकारी होते आणि त्यांनी आपल्या नांदेड जिल्ह्यात काम केले होते. मी उर्दू माध्यमात शिकले, उर्दू माध्यमात शिकवते. ही नावे मला ना मराठीने शिकवली, ना उर्दूने. एकीला ती गैरसोयीची होती आणि दुसरीला लाजिरवाणी वाटत असावीत.

मग रझाकार कोण झाले? मजलिसच्या पुढाऱ्यांनी 'अनल मलिक'चा सिद्धान्त मांडला होता. निजाम हा केवळ प्रतीक आहे, खरा राजा प्रत्येक मुसलमान आहे, असा त्याचा अर्थ. लातूरचा वकील कासिम रझवी या सिद्धान्तावर फौज उभी करत सुटला. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्या माणसाला सांगितले गेले की तू राजा आहेस.

माझ्या दादीचे माहेर औसा तालुक्यातले. घरधंदा पिंजाऱ्याचा. थोरला भाऊ गाव सोडून लातूरला गेला आणि स्टेशन ते गंज असा भाड्याचा टांगा हाकू लागला. धाकटा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव गाद्या भरत हिंडायचा. त्या टांगेवाल्याला कोणीतरी खाकी कपडे दिले आणि तो राजा झाला. १९४८ च्या उन्हाळ्यात तो एका टोळीबरोबर शेजारच्या गावात गेला. एका कुणबी शेतकऱ्याच्या घरातून ज्वारीची पोती उचलली. शेतकरी आडवा आला, तेव्हा त्याला काठीने मारले. हे मला दादीने २००८ साली येळवशीच्या रात्री सांगितले. मी तेव्हा लातूरला कॉलेजात होते आणि ती ऐंशीच्या घरात होती. ती म्हणाली, "उसका हात फिर कभी नांगर को नै लगा." थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एक पोता घर कू लाया था. वो ज्वारी हम भी खाए."

सप्टेंबरात फौजा आल्या. थोरला रातोरात पळाला आणि हैदराबादेत पोहोचला. तिथे पुढे तीसेक वर्षे जगला आणि अंथरुणावर मेला. धाकट्याला लोकांनी सांगितले, तूही जा. तो म्हणाला, मी काय केले? चार दिवसांनी जमाव आला आणि त्याला आणखी काही माणसांबरोबर गावाबाहेरच्या विहिरीकडे नेले. त्यांच्यातले कोणी परत आले नाही. दादी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. तिला आणि तिच्या आईला गावातल्या एका लिंगायत घराने बळदात लपवले. अकरा दिवस वरून भाकरी आणि पाणी सोडले. त्या घरातून आजही आम्हाला येळवशीला शेतात जेवायचे बोलावणे येते, भज्जी आणि आंबिल असते. दादी असेपर्यंत एकही वर्ष तिने चुकवले नाही.

हे फक्त आमच्या घरचे नाही. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे केंद्र सरकारच्या सांगण्यावरून संस्थानात हिंडले. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. त्यांचा अंदाज असा, की कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संस्थानात कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. तिथेच अठरा हजार किंवा त्याहून अधिक. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथली कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती होती, त्यातले समितीला जेमतेम तीन हजार दिसले. काही ठिकाणी सशस्त्र दलातल्या माणसांचाही हात होता, असे या अहवालात नोंदले आहे. तो सरकारने प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो लोकांच्या हाती आला.

पण हा अहवाल हातात घेऊन नाचणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनी तो पूर्ण वाचावा. रझाकार गावांकडून खंडणी कशी घेत आणि नकार मिळाला की लूट, मारहाण कशी होई, हेही त्यात आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव दिले, पळवलेल्या बायका सोडवायला हिंदूंनीच मदत केली, हेही आहे. आमच्या घराला वाचवणारे ते बळद एकटे नव्हते.

आता एक हिशेब बघा. निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. त्याला तनखा मिळाला. कासिम रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला, पाकिस्तानात निघून गेला आणि १९७० मध्ये तिथेच वारला. ज्याचे राज्य होते तो वाचला. ज्याने आग लावली तोही वाचला. काठी चालवणारा आमचा टांगेवाला मामूही वाचला. राजेपणाची किंमत त्याने दिली, ज्याला राजा व्हायचेच नव्हते आणि ज्याच्या खांद्यावर फक्त पिंजण होते.

इथे मूळ प्रश्न येतो. मी कोणाची? धाकट्याची नात म्हणून न्याय मागायचा आणि थोरल्याचे नावच घ्यायचे नाही, असे चालेल का?

एक उत्तर सोपे आहे. कुणाचे ओझे दुसरा कोणी उचलणार नाही, प्रत्येकाच्या कर्माचा हिशेब त्याच्याकडेच, ही कुरआनची शिकवण आहे. १९८८ साली जन्मलेल्या मुलीकडून १९४८ ची माफी मागून घेण्याचा हक्क कोणाला नाही. निवडणुका आल्या की व्यासपीठावरून आम्हाला विचारले जाते, आधी रझाकारांचा निषेध करा, मग बोला. ही अट मला मान्य नाही. मी निषेध करते तो कोणी प्रमाणपत्र द्यावे म्हणून नाही. ते कृत्य हराम होते म्हणून करते.

पण याच कुरआनने आणखी एक गोष्ट मागितली आहे, आणि तिच्यापाशी आपण पळवाट काढतो. सूरह निसामध्ये न्यायासाठी साक्ष द्यायला सांगितले आहे, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. सूरह माइदामध्ये बजावले आहे, की एखाद्या लोकांबद्दलच्या वैरामुळे न्याय सोडू नका. म्हणजे थोरल्याचे पाप माझे नाही, पण त्याबद्दलची साक्ष माझी आहे. गुन्हा वारशाने येत नाही. साक्षीची जबाबदारी मात्र येते. शिवाय ती ज्वारी माझ्या दादीने खाल्ली होती.

आपल्यातले जाणते लोक म्हणतात, जुन्या गोष्टी उकरू नका. आपण संख्येने कमी, बोललो तर आपल्यावरच उलटेल. ही भीती खोटी नाही. पण आपण गप्प बसलो म्हणून गोष्ट थांबली का? ती दुसरे लोक सांगतात आणि अर्धी सांगतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या निवडणुकीत काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खरगे यांच्या लहानपणाचा विषय निघाला. बीदर जिल्ह्यातल्या वरवट्टी गावात रझाकारांनी त्यांचे घर जाळले, आई आणि बहीण गेली. मतांसाठी यावर बोलू नका, असे ते गप्प का, म्हणून त्यांनाच हिणवले गेले. त्यांचे चिरंजीव प्रियांक यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा होता की ते कृत्य रझाकारांचे होते, अख्ख्या मुसलमान समाजाचे नव्हे. ज्याचे घर जळाले, त्या घराने हा फरक केला. तो फरक कायम राहावा यासाठी आपण काय केले?

बांगलादेशातही १९७१ पासून रझाकार हा शब्द देशद्रोह्यासाठी वापरला जातो. जुलै २०२४ मध्ये आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात सत्ताधाऱ्यांनी तो वापरला आणि आग भडकली. ज्या पोरांचे आजोबाही कदाचित त्यावेळी लहान होते, त्यांना तो शब्द चिकटवला गेला. शब्दाला माणसाचे नाव उरले नाही, की तो कोणालाही चिकटतो.

दुसरीकडे हिंदू मित्रांमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येते. कत्तल झाली हे वाईटच, पण रझाकारांनी आधी काय केले होते? आपल्यात त्याचे उलटे वाक्य आहे. रझाकार वाईटच, पण नंतर आपल्यावर काय गुजरले? मी शिक्षिका आहे, वाक्ये तपासणे हे माझे रोजचे काम. दोन्ही वाक्यांत 'पण'च्या आधीचा भाग खोडला जातो. उशिरा येणारा मुलगा कारण सांगतो, बस चुकली. ते कारण खरे असते, पण त्यामुळे हजेरी लागत नाही. रझाकारांचे अत्याचार हे त्या कत्तलीचे एक कारण होते. समर्थन ते होऊ शकत नाही, कारण विहिरीत गेला तो काठी मारणारा नव्हता. आणि विहिरीत माझा माणूस गेला म्हणून शेतकऱ्याचा हात बरा होत नाही. दोन्ही वाक्यांत 'पण' काढून 'आणि' लिहावे, एवढेच मला म्हणायचे आहे. विलीनीकरण योग्य होते आणि त्यानंतर निरपराधांची कत्तल झाली. माझ्या घरातल्या एकाने अन्याय केला आणि माझ्या घरातल्या एकावर अन्याय झाला.

पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर मी वर्गात ही गोष्ट सांगितली. आधी थोरल्याची, मग धाकट्याची, मग बळदाची. मुले गप्प होती. तो मागच्या बाकावरचा मुलगा आता आठवीत गेला होता, तो दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "मॅडम, वो किसान के घर कू आप गए क्या?"

मी गेले नव्हते. साठहून अधिक वर्षांत आमच्या घरातले कोणीच गेले नव्हते.

त्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना घेऊन गेले. गाव औशापासून दूर नाही. शेतकऱ्याचा नातू आता पन्नाशीचा आहे. त्याने खुर्च्या टाकल्या, चहा ठेवला. वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मीच सांगितले. तो बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, "आजोबाचा हात तसाच होता, ते बघितलंय मी. पण कुणी मारलं, ते आम्हाला ठाव नव्हतं. घरात एवढंच सांगायचे, रझाकार आले होते." नंतर त्याने नाव विचारले. वडिलांनी सांगितले.

माझा मुद्दा मला तिथे कळला. त्या घरासाठी इतकी वर्षे तो मारणारा बिननावाचा होता. ज्याला नाव नाही तो कोणीही असू शकतो. औशाच्या बाजारात भेटलेला प्रत्येक टोपीवाला असू शकतो, माझे वडीलही असू शकतात. आम्ही शरमेपोटी एक नाव झाकले आणि त्याच्या जागी अख्खी कौम उभी राहू दिली. आता त्या घरात तो एक माणूस आहे, टांगा हाकणारा, अमक्याचा मुलगा.

निघताना तो आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "विहिरीचं आम्हीबी ऐकून आहोत, बाई. त्यावर आमच्यात कुणी बोलत नाही." मी त्याला काही विचारले नाही. तिथे नावे सांगायची असतील तर ती त्यांच्या घरांनी सांगायची आहेत. आमच्या घरचे एक सांगून झाले आहे.